विल्यानंतर गाय माजावर का येत नाही आणि आली तरी का उलटते?

आपण विचारले आहे की, गोठ्यातील गायी विल्यानंतर अडीच-तीन महिने झाले तरी माज दाखवत नाहीत, ज्या दाखवतात त्या दोन-तीन वेळा रेतन करूनही उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात, त्यांतल्या एकीची जार (वार) हाताने काढावी लागली होती, दूध मात्र सगळ्यांचे भरपूर आहे. तेव्हा त्यांना माजावर आणण्यासाठी कोणते इंजेक्शन द्यावे. इंजेक्शनांविषयी पुढे लिहिलेच आहे. पण माझे अनुभवाचे मत आधीच सांगतो. ऐंशीव्या दिवशी जी गाय अडलेली दिसते, तिचे बिनसलेले असते ते विण्याआधीच्या तीन आठवड्यांत आणि विल्यानंतरच्या तीन आठवड्यांत. म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथूनच सुरू करावे लागते.

आधी हिशेब पाहू. गायीचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा असतो. दोन वेतांमधील अंतर एक वर्ष राहावे असे वाटत असेल, तर विल्यापासून सुमारे ८५ दिवसांच्या आत गाय गाभण राहायला हवी. भरपूर दूध देणाऱ्या गायीला तेरा महिने लागले तरी मी ते अपयश मानत नाही. पण हा हिशेब साधायचा म्हणजे गर्भाशय पूर्ववत होणे, अंडाशयाचे चक्र सुरू होणे आणि शरीराची झीज थांबणे या तिन्ही गोष्टी पहिल्या ५० ते ६० दिवसांत व्हाव्या लागतात, आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात.

विल्यावेळी गर्भाशयाचे वजन नऊ-दहा किलो असते. महिन्याभरात ते एक किलोच्या आसपास येते. ज्या गाठींच्या आधारे जार गर्भाशयाला चिकटलेली असते, त्या गाठी झडतात आणि रक्त व श्लेष्मा यांच्यासह बाहेर पडतात. पहिले दहा ते चौदा दिवस दिसणारा तांबूस-तपकिरी स्राव हाच असतो. तो दाट असला, त्याला दुर्गंध नसला आणि गाय व्यवस्थित खात असली, तर त्यावर काहीही उपचार करायचे नसतात. आतल्या पृष्ठभागावर नवे आवरण यायला साधारण चार आठवडे लागतात, तर खोलवरच्या थरांची डागडुजी सहा आठवड्यांपर्यंत चालते. गायीने तीसाव्या दिवशी उत्तम माज दाखवला तरी तिला भरवण्याची, म्हणजे रेतन करण्याची, घाई करू नये, असे जे म्हणतात त्याचे कारण हेच आहे.

विल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक गायीच्या गर्भाशयात जंतू शिरतात. गोठा कितीही स्वच्छ ठेवला तरी हे टळत नाही. निरोगी आणि आजारी गायीत फरक पडतो तो जंतू शिरण्यात नव्हे, तर ते किती लवकर बाहेर घालवले जातात त्यात. हे काम प्रामुख्याने रक्तातील पांढऱ्या पेशी करतात. त्या पेशी दुबळ्या असतील तर एशेरिशिया कोलाय हे जंतू प्रथम पाय रोवतात आणि त्यांच्या मागोमाग पू निर्माण करणारे ट्रूपेरेला व फ्युसोबॅक्टेरियम हे जंतू वस्तीला येतात.

आता जार अडकण्याविषयी, कारण आपल्या गोठ्यात ते घडले आहे. जार बहुधा पहिल्या बारा तासांत पडते. चोवीस तासांनंतरही राहिली तर ती अडकली असे धरावे. गर्भाशयाच्या कळा कमी पडल्यामुळे जार अडकते, असा सार्वत्रिक समज आहे. बहुतेक गायींत तसे नसते. जारेचे धागे गाठींपासून सुटे करण्याचे कामही त्याच पांढऱ्या पेशींचे असते, आणि ज्या गायींत त्यांची शक्ती विण्याच्या आधीच खालावलेली असते, त्यांच्यात ही सोडवणूक होत नाही. याचा व्यवहारातील अर्थ असा की, अडकलेली जार हे गर्भाशयाचे दुखणे कमी आणि संपूर्ण शरीराची प्रतिकारशक्ती ढासळल्याचे चिन्ह अधिक असते. जुळी वासरे, अडलेले वेत, मुदतीपूर्वी विणे, कॅल्शियमची उणीव, तीव्र उष्मा आणि सेलेनियम व ई जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळे ते प्रमाण वाढते.

व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही हाताने जार काढत असे, आणि ती अखंड निघाली की कामाचे समाधान वाटत असे. पुढे त्याच गायींचे रेतनाचे दाखले तपासू लागलो, तेव्हा ते समाधान टिकले नाही. ओढून काढताना गाठी फाटतात, गर्भाशयाच्या अस्तराला इजा होते, जंतूंना थेट रक्ताकडे वाट मिळते, आणि काही धागे तरीही आत राहतातच. जार तशीच राहू दिली तर ती कुजून साधारण चार ते दहा दिवसांत स्वतःहून गळून पडते. वास येतो, ओंगळ दिसते, दूध काढणाऱ्याला त्रास होतो हे खरे. पण गाय खात असेल आणि ताप नसेल तर हात न लावणे हाच उत्तम उपचार होय. लोंबणाऱ्या भागाला वजन बांधू नये. गर्भाशयात गोळ्या ठेवल्याने पुढची गाभण राहण्याची शक्यता वाढते, असेही आढळत नाही. मात्र दहा दिवस रोज सकाळी ताप पाहावा. ३९.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, पातळ लालसर-तपकिरी दुर्गंधीयुक्त स्राव आणि चाऱ्यावरून उतरलेले मन ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर तो तीव्र गर्भाशयदाह समजून त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे. अशा वेळी इंजेक्शनाने दिलेले प्रतिजैविक, दाह कमी करणारे औषध आणि गरजेप्रमाणे सलाईन लागते. औषधाचा अंश दुधात उतरण्याचा जो काळ लेबलवर दिलेला असतो, तेवढे दिवस ते दूध वापरात आणू नये.

एकविसाव्या दिवसानंतर स्रावात पू दिसत असेल तर दुखणे वेगळे. तो अस्तराचा दाह असतो. गाय चांगली खाते, दूध देते, ताप नसतो, म्हणून तो लक्षातच येत नाही. गाय बसली असताना निरणाखाली (योनीच्या बाहेरील भागाखाली) पडलेला पांढरट ठिपका किंवा शेपटीला चिकटलेले सुकलेले पापुद्रे एवढाच काय तो पुरावा असतो. मी चौथ्या-पाचव्या आठवड्यात प्रत्येक गायीची योनी हातमोजा घालून तपासण्याचा आग्रह धरतो. मिनिटभराचे काम आहे. अंडाशयावर पीतपिंड (बीजांड सुटल्यावर त्या जागी बनणारी गाठ) असेल तर ते विरवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन दिल्याने गाय माजावर येते, गर्भाशयाचे तोंड उघडते आणि माजातील इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली घाण बाहेर पडते. याची उलट बाजूही ध्यानात ठेवावी. पीतपिंडातून येणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाशयाची प्रतिकारशक्ती दाबून ठेवते. त्यामुळे गर्भाशय साफ होण्याआधीच पहिले बीजांड सुटले, तर तोंड मिटते, पू आत साठतो आणि गाय गाभण असल्यासारखी माजाविना राहते. तीन महिने माज नाही म्हणून गाभण समजलेल्या गायीच्या पोटात वासराऐवजी पू निघाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

येथपर्यंत गर्भाशयाचे झाले. आपल्या गायींचे दूध भरपूर आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून माझा अधिक संशय अंडाशयावर, म्हणजेच पर्यायाने गव्हाणीवर आहे.

विल्यानंतर दूध पाचव्या ते आठव्या आठवड्यात शिखर गाठते. खाण्याची क्षमता मात्र दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत वाढत राहते. मधल्या काळात जेवढी ऊर्जा दुधातून जाते तेवढी पोटात येत नाही आणि गाय अंगावरची चरबी वितळवून दूध देते. ही तूट साधारण दुसऱ्या आठवड्यात सर्वांत खोल असते आणि बहुतेक गायींत सहा ते दहा आठवड्यांत भरून निघते. तूट असणे नैसर्गिक आहे. ती किती खोल जाते आणि किती दिवस चालते यावर सगळे अवलंबून असते. चरबी प्रमाणाबाहेर वितळली की यकृताला ती पेलत नाही, ते स्वतःच चरबीने भरते आणि रक्तात कीटोन (चरबी अर्धवट जळून उरणारे घटक) वाढतात. त्यांपैकी बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट रक्तात लिटरमागे १.२ मिलिमोल किंवा त्याहून अधिक झाले, तर बाहेरून ठणठणीत दिसणारी गायही छुप्या कीटोसिसमध्ये (कीटोन वाढल्याच्या विकारात) असते. हीच स्थिती पांढऱ्या पेशींनाही दुबळे करते, म्हणून गर्भाशयदाह आणि कीटोसिस पुष्कळदा हातात हात घालून येतात.

याचा माजाशी संबंध असा. विल्यानंतर दहा ते चौदा दिवसांत अंडाशयावर पहिली मोठी पुटिका (ज्यात बीजांड वाढते तो द्रवाने भरलेला फुगा) तयार होते, आणि हे ऊर्जेची तूट असलेल्या गायीतही घडते. प्रश्न त्या पुटिकेचे पुढे काय होते हा आहे. ती फुटून बीजांड सुटण्यासाठी मेंदूखालच्या ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक जवळजवळ तासातासाला ठोके दिल्यासारखे स्रवावे लागते, आणि इन्सुलिन व आयजीएफ-१ (वाढीला चालना देणारे संप्रेरक) यांचे रक्तातील प्रमाण पुरेसे असावे लागते. तूट खोल असेल तर हे ठोके विरळ होतात, पुटिका पुरेसे इस्ट्रोजेन तयार करू शकत नाही आणि विरून जाते. मग दुसरी येते, तीही विरते. बाहेरून दिसते ते एवढेच, की गाय माजावर येत नाही. क्वचित पुटिका न फुटता वाढतच राहते आणि तिचे सिस्ट बनते. सुरुवातीच्या आठवड्यांतील अशी काही सिस्ट आपोआप जिरतात.

आणखी एक बाब फार थोडे लोक विचारात घेतात. आज जे बीजांड सुटते, त्याची वाढ दोन-तीन महिने आधी सुरू झालेली असते. सत्तराव्या दिवशी रेतन केलेल्या गायीचे बीजांड विल्यानंतरच्या सर्वांत ओढाताणीच्या दिवसांत वाढत होते, आणि त्या दिवसांची झळ त्याच्या गुणवत्तेला लागू शकते. माज व्यवस्थित, बळस (माजातला चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ, रेतन वेळेवर, तरीही गाय उलटते, याचे एक स्पष्टीकरण येथे मिळते.

म्हणून मी दुधाच्या आकड्याआधी गायीचा पुठ्ठा (कमरेमागचा भाग) पाहतो. एक ते पाच या शरीरस्थितीच्या मोजपट्टीवर गाय विताना ३ ते ३.५ असावी आणि त्यानंतर तिची घट अर्ध्या गुणापेक्षा जास्त होऊ नये. पूर्ण एक गुण घसरलेल्या गायीकडून वेळेवर गाभण राहण्याची अपेक्षा मी करत नाही. गंमत अशी की, सर्वांत जास्त घसरतात त्या विताना लठ्ठ असलेल्या गायी. त्यांची भूक विण्याआधीच मंदावते. भाकड काळात (दूध आटवल्यापासून विण्यापर्यंत) गाय ‘भरून निघावी’ म्हणून भरमसाट खुराक देणे हे प्रेमापोटी होते, पण त्याची किंमत गाय पुढल्या वेतात मोजते. गाय सुधारायची असेल तर ती आटवण्यापूर्वी, दूध चालू असतानाच सुधारावी. भाकड काळात आहे ती स्थिती टिकवावी. लठ्ठ गायीला भाकड काळात बारीक करू पाहणे त्याहून वाईट, कारण मग चरबी विण्याआधीच वितळू लागते.

विण्याआधीच्या तीन आठवड्यांत खाणे आपोआपच कमी होते. त्या काळात गाय एका गटातून दुसऱ्या गटात हलवणे, गव्हाणीवर गर्दी होऊ देणे किंवा बसायला कोरडी जागा नसणे म्हणजे आधीच कमी झालेले खाणे आणखी कमी करणे होय. कॅल्शियमचे नियोजनही याच तीन आठवड्यांतले आहे. गाय आडवी पडते तो दुग्धज्वर सर्वांना दिसतो. रक्तातील कॅल्शियम थोडेच खालावले तर काहीच दिसत नाही, पण गर्भाशयाचे आकुंचन, पोटाची हालचाल आणि पांढऱ्या पेशी या तिन्ही मंदावतात. आहारात पोटॅशियम कमी असलेला चारा आणि ऋणभारित क्षार (क्लोराइड-सल्फेटयुक्त) योग्य प्रमाणात वापरले, तर विल्यानंतर गायीचे शरीर हाडांतील कॅल्शियम लवकर वापरात आणते. हे क्षार देत असाल तर लघवीचा सामू (पीएच) ६.२ ते ६.८ च्या दरम्यान आहे ना, हे तपासत राहावे. न तपासता दिलेले क्षार फुकट जातात किंवा भूक मारतात.

विल्यानंतर खुराक एकदम वाढवू नये. दूध वाढले म्हणून दुसऱ्याच दिवसापासून पाटी भरून पेंड-धान्य दिले, तर पोटात आम्ल वाढते, गाय चाऱ्यावरून उतरते आणि भरून काढायची तूट वाढते. रोज पाव ते अर्धा किलो अशी वाढ, भरपूर चांगल्या प्रतीचे वैरण आणि सतत स्वच्छ पाणी एवढे पाळले तरी बरेच साधते. कीटोसिस सापडल्यास दिवसातून एकदा सुमारे ३०० मिलिलिटर प्रोपिलीन ग्लायकॉल तोंडावाटे पाच दिवस देतात; ते पाजताना ठसका लागू न देण्याची काळजी घ्यावी.

आता माज दिसण्याविषयी. गाय माजावर येत नाही, या तक्रारीवर तपासलेल्या गायींपैकी पुष्कळ गायींच्या अंडाशयावर मला पीतपिंड सापडते. म्हणजे चक्र चालू असते. माज कोणाला दिसलेला नसतो. विल्यानंतरचे पहिले बीजांड बहुधा मुक्या माजातच सुटते, कारण आधी काही दिवस प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाखाली राहिल्याशिवाय मेंदू माजाची लक्षणे नीट दाखवत नाही. शिवाय जास्त दुधाच्या गायीत माजाचा काळच आखूड असतो, सरासरी आठेक तासांचा, आणि त्यातला बराच भाग रात्री किंवा पहाटे जातो. निसरड्या जमिनीवरच्या किंवा लंगडणाऱ्या गायी माजातही दुसरीवर उडी घेत नाहीत. बांधून ठेवलेल्या गायींना ती संधीच नसते. अशा गोठ्यात दिवसातून तीनदा, त्यांतही पहाटे आणि रात्री उशिरा, वीस-वीस मिनिटे इतर कोणतेही काम हातात न घेता गायींकडे पाहत उभे राहावे. बळस, निरणाची सूज, अस्वस्थता, अचानक घटलेले दूध यांची नोंद करावी. शेपटीला रक्ताळलेला बळस दिसला तर माज एक-तीन दिवसांपूर्वी होऊन गेला. त्या वेळी रेतन करू नये, तारीख लिहून अठराव्या दिवसापासून लक्ष ठेवावे. बीजांड माज सुरू झाल्यापासून साधारण २८ ते ३० तासांनी सुटते, म्हणून सकाळी दिसलेल्या माजाला संध्याकाळी आणि संध्याकाळच्या माजाला सकाळी रेतन ही जुनी रीत आजही चालते.

इंजेक्शनांचा विचार मी या सगळ्यानंतर करतो, आणि तपासणीशिवाय कधीच करत नाही. पीतपिंड असेल आणि ते पाच-सहा दिवसांहून जुने असेल, तर प्रोस्टाग्लँडिनने गाय दोन ते पाच दिवसांत माजावर येते. पीतपिंडच नसेल तर तेच इंजेक्शन पाण्यासारखे वाया जाते. एका तपासणीवर मी गायीला माजहीन ठरवत नाही. दहा दिवसांनी पुन्हा पाहून दोन्ही वेळा पीतपिंड नसेल, तरच अंडाशय खरोखर निष्क्रिय समजतो आणि योनीत प्रोजेस्टेरॉनचे साधन साधारण सात दिवस ठेवून, सोबत जीएनआरएच (एलएच स्रवायला लावणारे संप्रेरक) व प्रोस्टाग्लँडिन देऊन चक्र सुरू करतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेली ओव्हसिंक पद्धत, म्हणजे पहिल्या दिवशी जीएनआरएच, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि मग १६ ते २० तासांनी ठरवून रेतन, ही माज न पाहता भरवण्यासाठी उपयोगी आहे. मात्र चक्र सुरूच न झालेल्या, खंगलेल्या गायीत तिचे यश कमी असते.

उलटणाऱ्या गायींत तारखा फार बोलक्या असतात. १८ ते २४ दिवसांनी उलटलेली गाय एक तर फळलीच नाही किंवा तिचा भ्रूण अगदी लवकर गेला. २५ ते ३५ दिवसांनी उलटलेल्या गायीत भ्रूण काही काळ टिकून नंतर गेला असावा, किंवा आधीचे रेतन चुकीच्या दिवशी झाले असावे. ३६ ते ४८ दिवसांनी दिसलेला माज म्हणजे बहुधा मधला एक माज आपल्या नजरेतून सुटला. पहिल्या प्रकारच्या गायी जास्त असतील तर छुपा अस्तरदाह, रेतनाची वेळ, रेतमात्रा वितळवण्याची व ठेवण्याची पद्धत, आहारातील जादा प्रथिने आणि उष्मा यांकडे पाहावे. तापमान-आर्द्रता निर्देशांक ७२ च्या वर गेला की गर्भधारणा घटू लागते, जास्त दुधाच्या गायीत त्याआधीच. आणि हवा निवल्यावरही परिणाम काही आठवडे रेंगाळतो, कारण त्या उष्म्यात वाढलेली बीजांडे अजून सुटायची असतात.

आपल्या गायींबाबत प्रत्यक्षात असे करावे. साठ दिवस ओलांडलेल्या सर्व गायींची एकाच दिवशी अल्ट्रासाउंडने तपासणी करून घ्यावी आणि दहा दिवसांनी ती पुन्हा करावी. त्यांतून पीतपिंड असलेल्या, नसलेल्या आणि गर्भाशयात पू असलेल्या गायी वेगळ्या निघतील. तिघींचे उपचार वेगळे आहेत. जार काढलेल्या गायीला, स्राव स्वच्छ असल्याची खात्री होईपर्यंत, भरवू नये. रेतन झालेल्यांची तीसाव्या दिवसाच्या सुमारास गाभण तपासणी करावी आणि गाभण निघालेल्यांची साठाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा, कारण या मधल्या काळातही काही गर्भ जातात. आणि येत्या दोन महिन्यांत ज्या गायी विणार आहेत, त्यांची शरीरस्थिती आजच पाहून लिहून ठेवावी; पुढची दुरुस्ती तेथूनच सुरू करता येईल.